चार मिनिटं मागे

दोन पत्रं आहेत.
एक सिटी सेंटरच्या काचेच्या हॉस्पिटलचं,
जाड कागद, माथ्यावर सोनेरी पान.
आयसीयू, बावीस हजार, दोन वर्षांचा बाँड,
आणि तळाशी, मुंगीच्या अक्षरांत:
मूळ प्रमाणपत्रं जमा करावी लागतील.

दुसरं पत्र म्हणजे पत्रच नाही.
जनकगंजच्या ट्रस्टच्या दवाखान्यात
भदौरिया सिस्टरनी चिठ्ठीच्या पाठीवर लिहून दिलंय:
डायलिसिस. दिवसपाळी. साडेतेरा. सोमवारी ये.
त्यावर चहाच्या कपाचा अर्धा गोल.

आई दोन्ही कागद फ्रिजवर लावते, लाईटबिलाशेजारी,
आणि म्हणते, हप्ता सहा हजार दोनशेचा आहे.
पुढचं भाजीत ढवळते.
पुण्याहून आत्या फोनवर:
बाँड म्हणजे काय गं, मध्येच लग्न ठरलं तर?

बाबा दौलतगंजात, साडेतीन फुटांच्या दुकानात,
डोळ्यात भिंग खोचून
कुणाच्या तरी घड्याळाचं पोट उघडून बसलेत.
मी विचारते, बाबा, तुम्ही काय केलं असतं?
ते चिमट्याने स्क्रू उचलतात, तिळाहून लहान,
आणि म्हणतात,
आत्ता शिंकू नकोस.

तीन महिने मी जनकगंजात काढलेत.
पाच मशीनं, त्यातलं एक कायम रुसलेलं.
मंगळ, गुरू, शनी: कुशवाहजी.
पूर्वी टेम्पो चालवायचे,
आता त्याच टेम्पोत मागे बसून येतात.
बाही सारून हात असा पुढे करायचे
जशी शेजारी वाटी द्यावी, साखरेसाठी.
मी फिस्टुलावर बोटं ठेवायची
आणि आत गुरगुर, मांजराच्या पोटासारखी,
म्हणजे रस्ता चालू आहे, सुई घालायला हरकत नाही.
पहिल्यांदा माझी सुई चुकली तेव्हा
त्यांनी छताकडे बघत बाड्यापासून हजिऱ्यापर्यंतचे
सगळे स्टॉप म्हणून दाखवले.
दुसऱ्यांदा चुकली तेव्हा परतीचे.

आणि तरी
सिटी सेंटरच्या आयसीयूत मला फिरवलं तेव्हा
तळव्यांना जो घाम आला
तो भीतीचा नव्हता.
एक नर्स, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठी,
पडद्यावरच्या हिरव्या रेघेकडे बघत म्हणाली, थांबा.
आणि डॉक्टर थांबला.

मला ते हवंय.
हप्ता खरा आहे, आईचं ढवळणं खरं आहे,
पण त्यांच्या आडोशाला मी उभी आहे
त्या एका शब्दासाठी.

शनिवारी भदौरिया सिस्टरना सांगितलं.
त्या सिंकपाशी नळ्या धूत होत्या,
पाठमोऱ्याच राहिल्या.
म्हणाल्या, जा.
मग म्हणाल्या, कागद देऊ नकोस.
माझे सहा वर्षं एकाच्या कपाटात होते.
आणि नळ मोठा केला.

कुशवाहजींना सांगितलं नाही.
ते होते, तीन नंबरच्या खुर्चीत,
बाही आधीच सारलेली.

आज इथे, एचआरच्या मुलाला म्हणाले,
बाँडवर सही करते, झेरॉक्स घ्या,
मूळ कागद माझ्याकडे राहतील.
तो म्हणाला, असं कोणी म्हणत नाही.
मी म्हणाले, बरं.
तो वर विचारायला गेलाय, त्याला वीस मिनिटं झाली.

मांडीवर फाईल. फाईलवर हात.
खिशात, सकाळी बाबांनी न बोलता दिलेलं
छातीला उलटं टांगायचं घड्याळ:
समोरच्याला बारा दिसावेत तिथे सहा,
मान खाली घातली की फक्त मला सरळ.
अजून लावलं नाही.

भिंतीवरचं त्यांचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे.
सांगावं का कोणाला,
की आधी तो खाली येऊ दे.